नेटचा पहिला मान

१ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून डायरी. मोठ्या माणसांच्या डायऱ्या लोक पुढे वाचतात आणि पहिल्या पानावर हवापाण्याशिवाय काही नसतं, म्हणून मी थेट मुद्द्याचं लिहितो. आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आमच्या वाडीत, म्हणजे हिर्डोशीच्याही वर, जिथं यायला एसटी तयार होत नाही तिथं, 'रुमाल' सुरू झाला.

जनावरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. तेच मी मोबाईलवर आणलं. मालकाने व्हिडिओवर शेळी दाखवायची, चालवायची, तोंड उघडून दात दाखवायचे. भाव मात्र दोघांतच. कल्पना माझी. अॅप बनवलं माझ्या बहिणीने, प्रेरणाने. ती पुण्यात कॉम्प्युटरचं शिकते. पण बनवणं वेगळं आणि सुचणं वेगळं.

सासरे, संपतमामा, वरवे बुद्रुकला असतात. त्यांनी तिकडच्या कारखान्यात माझ्यासाठी पॅकिंगची जागा धरून ठेवलीय. आज सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, दसऱ्यापातूर पन्नास जनावरं इका त्या रुमालावर. इकली तर म्या चकार शब्द काडनार न्हाई. न्हाई इकली तर दुसऱ्या आठवड्यात वरव्याला, पॅकिंगला."

मी शब्द दिला. मुदत दोन महिन्यांची! मामांना धंद्यातलं काही कळत नाही हे त्यावरूनच दिसतं. मी खोकी चिकटवायला जन्माला आलेलो नाही.

प्रगती, म्हणजे आमची मंडळी, शेणाची पाटी घेऊन तिथूनच जात होती. म्हणाली, "अवो, आता श्रावन. मग गनपती, मग पितर, मग नवरात्र. या दोन म्हैन्यात बकरं घेनार कोन?"

मी म्हटलं, सुरुवातीलाच अपशकुन नको.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक! वेल्ह्याचे कुमारशेठ. पाळायला शेळी हवी होती. मी आमची कबरी पुढे घेतली, केस विंचरले (तिचे), तोंड उघडलं आणि दात दाखवले. तिथंच व्हिडिओ थिजला.

चार मिनिटं कुमारशेठना एकच चित्र दिसत होतं: डोळे वर, तोंड उघडं आणि जबडा माझ्या हातात. मी इकडून ओरडतोय, शेठ, जिवंत आहे, हे बघा शेपूट! त्यांना ते कधी ऐकू गेलं कोण जाणे. तोवर त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'वाईट वाटले.'

कबरी दाव्याला उभी राहून माझी वही खात होती.

आमच्याकडे टॉवर नाही. नेट आहे ते रखमाजीनानांचं. नाना माझे चुलते. त्यांनी भोरवरून डोंगराच्या माथ्यावर लहरी घेतल्या आणि तिथून वाडीच्या चाळीस घरांना नेट वाटलं. त्याच वेळी ठकुआत्या तिच्या चार मालिका एकामागून एक बघत होती, म्हणून माझी शेळी मेली. डोक्यात तिडीक गेली. स्टार्टअप महत्त्वाचं की मालिकेतल्या सुनेचं मंगळसूत्र?

७ ऑगस्ट, गुरुवार

नानांकडे गेलो. जाताना तांबडा कोंबडा नेला. ही लाच नव्हे, चुलत्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

नाना ज्या डब्यातून घराघराला नेट सोडतात, त्यात एक यादी असते. त्यात जे वर लिहाल त्याला नेट आधी मिळतं, जे खाली त्याला उरलंसुरलं. यादी कोरी होती, म्हणजे सगळे सारखेच. मी म्हटलं, नाना, रुमालाला सगळ्यात वर घ्या, वाडीचं नाव होईल.

नाना वाघजाईच्या यात्रेची मानाची वही सांभाळतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, तेल कोणी घालायचं, सगळं त्या वहीत. पूर्वी तेलाच्या मानावरून दोन भावक्या सात वर्षं बोलत नव्हत्या.

नाना कोंबड्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी तुला नेटचा पयला मान पायजे."

"तसंच समजा."

"कुंडल्या, मान म्या एकटा कसा देऊ? त्याला बैठक लागती."

मी म्हटलं घ्या बैठक. माझ्या कल्पनेला कोण नाही म्हणणार?

१० ऑगस्ट, रविवार

देवळात बैठक झाली. बायामाणसं धरून साठ जण. यात्रेला सुद्धा एवढे वेळेवर येत नाहीत.

मी उभा राहून भाषण केलं. उद्योग, तरुण, डोंगर, भविष्य. टाळ्या पडल्या. मग ठकुआत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "वाघजाईचा पयला नारळ आमच्या घराचा. मग नेट बी पयलं आमच्याच घरचं. त्यात म्या मालिका बगन न्हाईतर भिताड बगन."

आणि नाना मान डोलावून म्हणाले, "ह्यात चूक काय न्हाई."

मग जो तो उठला. तेलवाले म्हणाले आम्ही दुसरे. पालखीच्या डाव्या खांद्याचे म्हणाले आम्ही तिसरे. उजव्या खांद्याचे म्हणाले, डाव्याच्या आधी उजवा, हे शेंबडं पोरगं पण सांगेल. ढोलाच्या मानकऱ्यांकडे मोबाईलच नाही, पण जागा राखून ठेवा म्हणाले, उद्या घेतला तर? दीड तास हेच. शेवटी नानांनी यात्रेची यादी डब्यात जशीच्या तशी उतरवली.

आमच्या घराला यात्रेत मान आहे पालखी निघून गेल्यावर मागचं अंगण झाडायचा. म्हणून रुमाल चौदावा. ढोलवाल्यांच्या खाली, ज्यांच्याकडे मोबाईल नाही!

घरी आल्यावर प्रगती म्हणाली, "यादी कोरी व्हती तवा बरं चाललं व्हतं की."

तिला दूरचं दिसत नाही, त्याला मी काय करू.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मधल्या दिवसांत विशेष काही नाही. तीन शेळ्या आणि एक गाढव विकलं. गाढव व्हिडिओवर थिजलं होतं, पण गाढव तसंही हलत नाही म्हणून गिऱ्हाइकाला शंका आली नाही.

आज मात्र वाडीत जीप आली. आतून जाकीट घातलेला एक इसम उतरला. पावसात चिखलात पांढरे बूट! 'जित्राब एक्स्प्रेस' नावाची मोठी कंपनी आहे, तिचा माणूस. ते पण मोबाईलवर जनावरं विकतात, पण लिलावाने. सगळ्यांदेखत बोली. रुमाल नाही, लाज नाही, काही नाही.

तो नानांना म्हणाला, तुमच्या नेटवर आमचं अॅप सगळ्यांना फुकट आणि सगळ्यात आधी दिसलं पाहिजे, जनावरांची बाकीची अॅपं शेवटी टाका. बदल्यात देवळाला दिवे, भोंगा आणि सभामंडपावर नवे पत्रे.

मी म्हटलं, नाना, हा अन्याय आहे, पैशावाल्याने येऊन पहिला नंबर घ्यायचा?

नाना म्हणाले, "तू कोंबडा घेऊन आलता तवा काय व्हतं?"

ते वेगळं होतं. मी घरचा आहे. पण पत्र्यांपुढे कोण ऐकतंय? नारळाचा मान सोडायला ठकुआत्या कशी तयार झाली म्हणाल तर भोंगा तिच्या दाराकडे तोंड करून बसवणार आहेत. रुमाल आता एकेचाळिसावा. घरं चाळीस आहेत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रेरणा गणपतीला आलीय. तिला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली.

"दादा, ह्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. म्हणजे नेट देणाऱ्याने सगळ्यांना सारखं द्यायचं. हे आधी, ते नंतर, हे फुकट, ते हळू, असं करायचं नाही. आपल्याकडे तसे नियम आहेत."

मला भरून आलं. माझ्या दुःखाला नाव आहे, आणि तेही इंग्रजी!

ती पुढे म्हणाली, "मोठ्या कंपन्या दिवे-पत्रे देऊन पुढे जातात. तुझ्यासारख्या नवीन माणसाकडे द्यायला काय असतं? म्हणून तो नियम नवीन माणसासाठी सगळ्यात गरजेचा. आणि दादा, तो आपल्या वाडीत पहिल्यांदा मोडलास तू."

तिचा काहीतरी गैरसमज झालाय. शहरात राहून असं होतं.

संध्याकाळी नानांना नियम सांगितला. ते म्हणाले, "नियम कंपनीला. म्या कंपनी न्हाई, म्या चुलता हाय."



६ सप्टेंबर, शनिवार

चळवळ सुरू केली. देवळासमोर बसलो, पाटीवर लिहिलं: 'सर्वांना सारखे नेट मिळालेच पाहिजे.' पाऊस आला. पाटी धुतली गेली. आत जाऊन बसलो, तर नवीन पत्र्यांवर एवढा आवाज की घोषणा मलाच ऐकू येईना.

एकूण नऊ जनावरं विकलीत. एक्केचाळीस राहिली. रात्री झोप लागत नाही. वरव्याला जाऊन दिवसभर पट्टी चिकटवायची, महिन्यातून एकदा घरी यायचं. इथली धारेची वेळ, कबरीचं ओरडणं, प्रगतीची बोलणी, सगळं सुटेल. हे मी कोणाला सांगणार नाही, पण मला भीती वाटते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार



नानांची मैना म्हैस दुपारी अडली. पारडू आडवं. ओढ्याला पाणी, रस्ता बंद, भोरच्या जनावरांच्या डॉक्टरांना वर येणं शक्य नाही. नानांनी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. पण डॉक्टर मानाच्या यादीत कुठंच नाहीत! डॉक्टर म्हणाले "आता हळूच" आणि थिजले. काय हळूच? मैना डोळे पांढरे करतेय, नाना डब्याची यादी बदलायला गेले तर जीपवाल्याने डब्याला आकड्यांचं कुलूप घालून ठेवलेलं. नाना एवढे मोठे, मानाची वही सांभाळणारे, गोठ्यात मटकन खाली बसले. म्हणाले, "माजी मैना जाती रं, कुंडल्या."

मैना त्यांनी लेकीसारखी वाढवलीय. मला काही सुचेना. म्हणजे सुचणारच होतं, तेवढ्यात प्रगती म्हणाली, "त्या जित्राब एक्स्प्रेसला नेट झ्याक हाय नव्हं? मैनेला तिथं इकायला लावा. डाक्टरला म्हनावं गिऱ्हाईक म्हनून या आनि बगा."

मी लगेच अंमलबजावणी केली. मैना लिलावाला चढली. चित्र कसं म्हणाल तर आरशासारखं. डॉक्टर गिऱ्हाईक म्हणून आले. पण त्या अॅपची एक खोड निघाली: दोन मिनिटांत नवी बोली आली नाही तर लिलाव संपतो आणि व्हिडिओ बंद.

मग काय. डॉक्टर सांगतायत, "हात धुवा, तेल लावा, खूर सापडला? दुसरा शोधा. थांबा, बोली लावतो." लावली. "आता तिने कळ दिली की ओढा, खाली ओढा. थांबा, बोली." दुसऱ्या मोबाईलवरून मी बोली लावतोय. प्रगतीचा हात खांद्यापर्यंत आत. लोणंदचा कोणी अनोळखी मध्येच घुसला आणि त्यानेही बोली लावली. डॉक्टर त्याच्यावर खेकसले, "अहो, तुम्हाला म्हैस अडलेली दिसत नाही का?" तो म्हणाला, "दिसतीय म्हनून तर लावतोय, बंद पडाया नको." कोण कुठला माणूस! तो शेवटपर्यंत थांबला.

बोली अशा आकड्याला गेली की तेवढ्यात आख्खी वाडी आली असती, पत्र्यांसकट.

चार वाजता पारडी झाली. आधी निपचित, मग शिंकली. नाना रडले. मी रडलो. लोणंदवालाही रडला, स्पष्ट दिसत होतं. प्रगती हात धुवायला गेली. ह्या सगळ्यात बोली लावायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

मोबाईल वाजला. 'अभिनंदन! मैना विकली गेली. नवे मालक: डॉक्टर.'

१४ सप्टेंबर, रविवार

ओढा उतरला आणि त्यावरून पहिला आला तो जित्राब एक्स्प्रेसचा टेम्पो. मैनेला न्यायला.

नाना गोठ्याच्या दारात आडवे. जाकीटवाला म्हणाला, विकलं म्हणजे विकलं. तिकडून डॉक्टर व्हिडिओवर ओरडतायत की मी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहतो, म्हैस कुठं बांधू, मला नको. थिजत थिजत ओरडतायत, कारण ते अजूनही यादीत नाहीत.

ठकुआत्या पदर खोचून पुढे आली. जाकीटवाल्याला म्हणाली, "बाळंतीन हलवतोस? तुज्या घरी आया-बहिनी न्हाईत व्हय रं?" त्यावर साठ माणसं टेम्पोभोवती नुसती उभी राहिली. कोणी हात लावला नाही, कोणी बोललं नाही. मैनेने तेवढा एकदा आवाज काढला. पाच मिनिटांनी जाकीटवाल्याने कुठंतरी फोन केला आणि लिलाव रद्द झाला.

मग नानांनी त्याच्याकडून कुलपाचा आकडा घेतला आणि तिथंच डबा उघडला. म्हणाले, "आजपासनं नेटला मान न्हाई. पयला न्हाई, दुसरा न्हाई. माळकरी असो, चोर असो, डाक्टर असो, सगळी सारकी. देवीचा मान देवीपाशी. पत्रं काडून न्यायचं तर न्या, आमी भिजू."

पत्रे नेले. भोंगाही नेला. ठकुआत्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझी चळवळ यशस्वी झाली. प्रेरणाला कळवलं. तिने अंगठा पाठवला आणि 'वहिनीचं अभिनंदन' असं लिहिलं. वहिनीचं का ते कळलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शेळ्या हलतात! व्हिडिओवर चालतात, उड्या मारतात, तोंड उघडतात आणि मिटतात. कुमारशेठनी कबरीला जिवंत बघून 'चमत्कार' लिहिलं आणि तिच्या दोन बहिणी घेतल्या. लोणंदवाल्याने तर सात घेतल्या. त्याचं नाव हैबतीराव. मैनेच्या पारडीची रोज चौकशी करतो.

अठ्ठावीस झाली. श्रावण, गणपती, पितर सगळं गेलं आणि आता खंडेनवमीसाठी बोकडांची विचारणा सुरू झालीय. मी मुदत किती विचारपूर्वक घेतली होती ते आता प्रगतीला कळेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेहेचाळीस. मामांचा फोन आला. आवाज पडलेला. मी मोठ्या मनाने म्हटलं, मामा, पॅकिंगला दुसरा कोणी बघा.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज शेवटचा दिवस. सकाळपासून दोन गेली. अठ्ठेचाळीस. संध्याकाळी सहाला दोन बोकडांसाठी दोन पक्की गिऱ्हाइकं येणार, एक नसरापूरचं, एक गुंजवण्याचं. म्हणजे पन्नास. मी शर्टाला इस्त्री केली.

सहा वाजता पहिला बोकड दाखवतोय, तर चित्र अडकायला लागलं. थोडं हलायचं, थांबायचं. बाहेर येऊन बघतो तर शेजारच्या अंगणात सुलक्षणा! नवरा गेल्यापासून एकटीच कोंबड्या पाळून घर चालवते. मोबाईल मुसळाला बांधून कॅमेऱ्यासमोर कोंबडी धरून उभी. तिने 'खुराडं' नावाचं अॅप आजच सुरू केलंय. कोणी बनवून दिलं? प्रेरणाने! माझ्या सख्ख्या बहिणीने! शिवाय मुहूर्त संध्याकाळी सहाचा!

कोंबड्यांचं फडफडणं व्हिडिओला फार नेट खातं. नसरापूरच्या गिऱ्हाइकाने कसातरी पहिला बोकड घेतला. एकोणपन्नास. गुंजवण्याचं म्हणालं, काही दिसत नाही, अर्ध्या तासाने बघू, नाहीतर बाजारातून घेतो.

मी तडक नानांकडे निघालो. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. यादीत फक्त एक ओळ. नाना मला नाही म्हणाले नसते, मैनेच्या दिवसापासून ते मला शेजारी बसवून चहा देतात. सुलक्षणाला कळलंही नसतं. तिला वाटलं असतं, नेट असंच असतं.

दारात पोचलो. नाना पारडीचं अंग पुसत होते. "बोल कुंडल्या, काय काम काडलंस?"

इथवर सुलक्षणाचा आवाज येत होता. कॅमेऱ्याला सांगत होती, "दिसतीय का वो कोंबडी? हालतीय का? जिती हाय, बरं का." अगदी मी पाच ऑगस्टला ओरडत होतो तशीच ओरडत होती. मला एकदम माझीच लाज वाटली. खरंच वाटली, लिहून ठेवतो. तो तांबडा कोंबडा मी कशाला घेऊन गेलो होतो ते मला त्या दारात, तब्बल दोन महिन्यांनी कळलं.

म्हटलं, "काय न्हाई नाना. पारडी बघाया आलतो."

"बग की. शिंकती अजून."

पारडी बघितली. घरी आलो. गुंजवण्याच्या गिऱ्हाइकाने बाजारातून घेतला. सुलक्षणाच्या अकरा कोंबड्या गेल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मामा सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवली आणि विचारलं, "किती?"

"एकोणपन्नास."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पन्नासच म्हना की. म्या कुटं मोजाया आलतो?"

मी म्हटलं, "न्हाई मामा. एकोणपन्नासच." का म्हटलं ते देवाला माहीत. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला सूट देत होतं आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघून गेलं. नंतर न्हाणीत जाऊन दारावर डोकं आपटलं.

संध्याकाळी प्रगतीला म्हटलं, रुमाल बंद करावा लागेल. डोळ्यांत पाणी येत होतं, लपवलं नाही.

ती म्हणाली, "बंद कशापायी? शबुद तुमी दिलता, म्या न्हाई. तुमी जावा वरव्याला. रुमाल म्या चालवते."

"तुला जमेल?"

ती उद्याच्या शेळ्यांचे दात बघायला गोठ्यात गेली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, वरवे बुद्रुक

पॅकिंगला लागून चार दिवस झाले. पट्टी बोटाला चिकटते ती जेवताना पण निघत नाही. मामा रोज येऊन विचारतात, त्रास होत नाही ना. त्यांनाच झोप लागत नाही असं दिसतंय.

आज सुटल्यावर रुमाल उघडला. मालक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून, मामांच्या मोबाईलवरून. बघावं तरी कसं चाललंय.

प्रगती अंगणात उभी. हातात करडू. चित्र स्वच्छ. बावीस गिऱ्हाइकं बघत होती. माझ्या वेळी एका वेळी कधी चारच्या वर नव्हती. ती भराभर सांगत होती, कोणाला फसवत नव्हती, एका शेळीचं तर 'ही लाथ मारती' म्हणून आधीच सांगितलं आणि तीच पहिली गेली. मला अभिमान वाटला. घर एवढं जवळ दिसत होतं.

बोलावंसं वाटलं, म्हणून रांग सोडून मधेच लिहिलं: 'मालकीणबाई, आधी माझ्याशी बोला, घाई आहे.'

तिने मोबाईलकडे वाकून वाचलं. म्हणाली, "वरव्याचं गिऱ्हाईक, तुमचा नंबर तेविसावा हाय. हितं समद्यास्नी सारकंच. रांगेत थांबा, भाऊ."

भाऊ! मला!

मी नवरा आहे हे तिला अर्थातच कळलेलं नाही, नंबर मामांचा होता. थांबलो रांगेत. माझी पाळी यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात सात जनावरं गेली. मग ती पुन्हा वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बोटाला खोबरेल लावा, म्हंजी पट्टी निगती. आनि येळेवर जेवा."

गिऱ्हाइकाची इतकी काळजी घेणारी बाई मी आजवर पाहिली नाही. म्हणूनच धंदा वाढतोय. एक शेळी घेऊन टाकली.